गच्चीवरचं मिठागर

सूर्य सगळ्यांचा आहे असं ज्यांना वाटतं, ते आमच्या घरमालकांना कधी भेटलेले नाहीत. सूर्य त्यांचा होता. बाकीच्या जगाला ते तो वापरू देत, एवढंच. मी पनवेलच्या एका शाळेत भूगोल शिकवतो, आणि सहा वर्षं विचुंब्याला त्यांच्या तळमजल्यावर भाड्याने राहिलो. या सहा वर्षांत मी वर्गात सूर्याबद्दल जे जे शिकवलं, त्यातलं निम्मं तरी त्यांनी संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून खोडून काढलं. आम्ही त्यांना काका म्हणत असू. सत्तरी ओलांडलेली, अंगाने काटक, वर्ण उन्हात भाजून भाजून पक्का झालेला. डोक्यावर टोपी घालणं किंवा छत्री धरणं हा त्यांना सूर्याचा अपमान वाटे. सूर्याबद्दल ते बोलत तेही घरच्या जुन्या गड्याबद्दल बोलावं तसं. सकाळी धुकं असलं की म्हणत, "आज उशिरा आला कामाला." संध्याकाळी प्रसन्न असले तर म्हणत, "बरा राबला आज." एकदा सूर्यग्रहण होतं तेव्हा माझी बायको त्यांना चष्म्यातून बघायला बोलवायला गेली, तर दाराआडून उत्तर आलं, "त्याची तब्येत बरी नसताना काय बगायचं त्याला?"

याचं मूळ त्यांच्या मिठागरात होतं. उरणच्या वाटेवर खाडीलगत त्यांच्या घराण्याचं मिठागर होतं, आणि वयाच्या दहाव्या वर्षापासून ते तिथे राबले. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हाला लावायचं आणि पायाखाली मीठ करकरायला लागेपर्यंत वाट बघायची, हा त्यांचा धंदा. आता तिथून मोठा रस्ता गेला आहे. रिक्षाने त्या बाजूला जाण्याचा प्रसंग आला, की काका एका ठरावीक जागी चालकाला रिक्षा हळू करायला लावत आणि बाहेर हात दाखवून म्हणत, "हितं पिकायचं आमचं मीठ." मागचे ट्रक भोंगे वाजवत, चालक वैतागे, पण काकांचा हात आत येत नसे. मिठागर गेल्यावर इतकी वर्षं त्यांचं ऊन नुसतं वाया जात होतं. हे दुःख त्यांनी अनेकदा बोलून दाखवलं आहे. "एवढा पडतो, आन नुसती गच्ची तापवून जातो," असं म्हणत ते अंगणात येरझाऱ्या घालत.

म्हणून त्यांच्या पुतणीने गच्चीवर सोलर बसवण्याची गळ घातली तेव्हा ते तासाभरात तयार झाले. ही पुतणी म्हणजे शेजारच्या घरात राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. तळोज्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत पाणी तपासायचं काम करायची, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. दोन वर्षांपूर्वी सासर सोडून परत आली होती. का, ते कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. काकांना मूलबाळ नव्हतं, आणि तीच त्यांना आबा म्हणत त्यांच्या खांद्यावर बसून मोठी झालेली. तिने धावपळ केली, कागद भरले, आणि एका मार्चमध्ये आमच्या गच्चीवर छातीएवढ्या उंच लोखंडी सांगाड्यावर दोन ओळींत सहा पॅनेलं उभी राहिली. तिने काकांच्या फोनवर वीज किती तयार झाली ते दाखवणारं ॲपही घालून दिलं. काकांनी दिवसाचे युनिट पाहिले, गच्चीच्या कठड्याशी आले आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "आज बारा पिकलं!"

त्या दिवसापासून आमच्या घरात वीज तयार होत नसे, पिकत असे. आणि जी पिकते ती ताजी खावी, हा साधा नियम. दिवसा जास्तीची वीज बाहेरच्या तारांत जाते आणि रात्री आपण ती परत घेतो, हे पुतणीने त्यांना दहा वेळा समजावलं असेल. त्यांना ते पटण्यासारखं नव्हतंच. "आमची ताजी वीज दुसऱ्याला द्यायची आन रातच्याला कुनाची तरी शिली घ्यायची?" असं म्हणून ते दुपारी बारा वाजता आमचं दार वाजवत. "वैनी, मशीन लावा. इस्त्री करा. मिक्सर फिरवा. आता जोर हाय!" आमच्या घरात चटण्या वाटायची वेळ सूर्याच्या उंचीवर ठरू लागली. एका दुपारी भर उन्हात काका, काकी, मी आणि बायको असे चौघे चार इस्त्र्या-मिक्सर-पंखे चालू करून नुसते बसलो होतो, कारण आकाश फार स्वच्छ होतं आणि ते वाया जाऊ द्यायला काकांचा जीव होत नव्हता.

एक गोष्ट मात्र या सुखाला पहिल्याच वर्षापासून टोचत होती. दोन्ही भावांची घरं एका सामायिक जागेवर, इतकी चिकटून की मधल्या बोळात हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. धाकट्या भावाचं घर दक्षिणेला, तेही एकमजली, आणि त्यात तो, त्याची बायको, मुलगा, सून आणि त्यांचं तान्हं बाळ. त्यातच परत आलेली मुलगी. तिच्यासाठी वर एक खोली चढवावी असं भावाने ठरवलं होतं, पण सामायिक जागेमुळे काकांची सही लागत होती. आणि काका सही देत नव्हते, कारण दक्षिणेला खोली उभी राहिली की सावली पॅनेलांवर येणार. पुतणीवर जीव असलेला माणूस पुतणीचीच खोली अडवून बसला होता, आणि ती पुतणी एका शब्दाने बोलत नव्हती. भावाने मात्र बोलणं टाकलं होतं. तो काकांना दादूस म्हणे, म्हणजे थोरला भाऊ. तो आणि काका आपापल्या गच्चीवर पाच फुटांवर उभे राहून माझ्यामार्फत बोलत. "मास्तर, दादूसला सांगा, पोरीला राहाया जागा नाय." "मास्तर, त्याला सांगा, उत्तरेला बांद." "मास्तर, दादूसला सांगा, उत्तरेला तुजंच घर हाय." मी काहीच सांगत नसे. दोघांनाही सगळं नीट ऐकू येत असे.

आता काकांच्या शेतीविषयी. मिठाचा सगळा हिशोब असा, की ऊन जितकं कडक तितकं पीक जास्त. त्यामुळे मे महिन्याकडे काका डोळे लावून बसले होते. एप्रिलमध्ये बारा-तेरा पिकतंय, म्हणजे मेमध्ये वीस कुठे जात नाहीत, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं. मे आला, रस्त्यावरचं डांबर मऊ झालं, कावळे नळाखाली येऊन बसू लागले, आणि पॅनेलं बारावरून साडेअकरावर आली. काकांना वाटलं, बिघडली. पॅनेलं बसवणारा तंत्रज्ञ कामोठ्याहून आला, त्याने सगळं तपासलं आणि सांगितलं की काहीही बिघडलेलं नाही. पॅनेल फार तापलं की त्याचा जोर कमी होतो, त्याला प्रकाश हवा, उष्णता नको. काका त्याच्याकडे बघतच राहिले. "उन्हावर जगतंय आन ऊनच सोसत नाय?" ते म्हणाले. मग त्यांनी पॅनेलाच्या चौकटीला हात लावला, चटका बसला तसा काढला आणि अगदी हळव्या आवाजात म्हणाले, "भाजतंय बिचाऱ्याला." दुसऱ्या दिवशी भर बाराला ते गार पाण्याची बादली घेऊन वर निघाले होते. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकेल म्हणून पुतणीने त्यांना जिन्यात अडवलं आणि बादली त्यांच्याच पायांवर रिकामी करायला लावली.

पण खरी गंमत झाली ती मेच्या शेवटी. एका दुपारी प्रबळगडाच्या बाजूने ढग चढले आणि वारा सुटला. मी पेपर तपासत होतो. वरून अशी आरोळी आली, की मला वाटलं कुणीतरी पडलं. "मास्तर! ताडपत्री!" मी बनियनवर धावलो. काका आणि काकी एक भलीमोठी निळी ताडपत्री पॅनेलांवर ओढत होते. मीही एक टोक धरलं, विटा ठेवल्या, दोऱ्या आवळल्या, आणि पहिला टपोरा थेंब पडायच्या आत सहाही पॅनेलं झाकून टाकली. आपण काय करतोय हे, भूगोलाचा शिक्षक असूनही, माझ्या डोक्यात आलं नाही. तयार मिठावर अवकाळी पाऊस पडला तर सगळं पाणी होतं, हे काकांच्या हाडात मुरलेलं. त्या घाईपुढे माझं शिक्षण टिकलं नाही. पाऊस दहा मिनिटांत थांबला. पण मिठागरवाला एका सरीवर विसंबत नाही. "परत येल," म्हणत त्यांनी ताडपत्री दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काढलीच नाही, आणि मग ॲपवर शून्य बघून पुन्हा त्या तंत्रज्ञाला बोलावलं. तो आला, गच्चीवर गेला, ताडपत्रीचा कोपरा उचलला, आमच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि फार नम्रपणे म्हणाला, "काका, हे काढून ठेवू या का?" पावसाने उलट काच धुऊन निघते आणि नंतरचं ऊन चांगलं लागतं, असंही त्याने जाता जाता सांगितलं. पाऊस पिकाला चांगला, हे काकांनी उभ्या जन्मात पहिल्यांदाच ऐकलं होतं.

पावसाळ्यात ते खंगले. कधी तीन पिके, कधी चार. ढगाळ दिवशीही पॅनेलं थोडं काम करतात याचं त्यांना कौतुक वाटे, पण पोट भरत नसे. त्यातच एखाद्या श्रावणातल्या दुपारी सर येऊन जायची, लख्ख ऊन पडायचं, आणि धुतलेल्या हवेत गार पॅनेलांवर आकडा असा उसळायचा, की काका जेवण टाकून वर पळत. दहा मिनिटांत पुन्हा ढग. "आला, भरली वाटी नुसती दावली आन गेला," ते म्हणत. काकी खालून म्हणत, "तुमचं ताट गार झालंय, ते बगा आदी."

पाऊस सरला आणि धूळ सुरू झाली. आजूबाजूला बांधकामं, ट्रकची ये-जा, वाऱ्याबरोबर येणारा तळोज्याचा धूर. धुळीने पीक घटतं हे कळल्यावर काका रोज सकाळी पाइप लावून पॅनेलं धुऊ लागले. तरी आकडा वर येईना. उलट नोव्हेंबरात तो रोज थोडा थोडा खाली जाऊ लागला. काकांनी आधी कारखान्यांवर संशय घेतला, मग कबुतरांवर, मग धाकट्या भावावर. शेवटी एक दिवस पुतणी वर आली, काच तिरकी बघितली आणि म्हणाली, "आबा, पाणी कुठलं मारता?" पाणी बोअरचं होतं, आणि आमच्या बोअरला खाडीची चव आहे. रोज धुवायचं, रोज उन्हात वाळायचं, आणि काचेवर एक पांढरट पापुद्रा धरत जायचा. काकांनी त्यावरून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. पुतणीला वाटलं त्यांना वाईट वाटलं असेल. ती समजूत घालायला पुढे झाली. तर काका म्हणाले, "खारं हाय गं. धरलं बग मीठ!" इतक्या वर्षांनी, कुणाच्याही परवानगीशिवाय, त्यांच्या गच्चीवर मीठ पिकलं होतं. ते दोघं तिथेच कठड्याला टेकून पोट धरधरून हसले. मग तिने त्यांना गोड्या पाण्याने, सकाळी काच गार असताना, मऊ फडक्याने कसं पुसायचं ते दाखवलं.

काच स्वच्छ झाली आणि थंडीचे दिवस आले, तेव्हा काकांना एक शोध लागला. डिसेंबरातलं ऊन दिवसाला थोडं, पण गार आणि नितळ. पॅनेलं तापत नाहीत, आणि पीक भर मेच्या वर जातं. त्या डिसेंबरात तेरा, फेब्रुवारीत चौदा. ज्या मोसमाची त्यांनी जन्मभर मिठाच्या हंगामाची नुसती सुरुवात म्हणून गणती केली, तोच मोसम राजा निघाला. आणि पंचाईत अशी, की धाकट्या भावाच्या खोलीची सावली पडणार होती ती नेमकी याच मोसमात, सूर्य दक्षिणेला कललेला असताना. उन्हाळ्यात त्या खोलीचा काहीच त्रास नव्हता. मी ते नकाशा काढून समजावलं तेव्हा काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सूर्य मीच दक्षिणेला ढकलतो.

पुढच्या डिसेंबरात भावाने शेवटचं विचारलं. काका म्हणाले, नुसतं नकाशावर नको, डोळ्यांनी बघू. मग एका रविवारी सकाळी भावाच्या स्लॅबवर, होणाऱ्या खोलीच्या उंचीचे दोन बांबू उभे केले आणि त्यांच्यामध्ये काकींची दोन जुनी लुगडी ताणून बांधली. ही झाली भिंत. भाऊ आणि त्याचा मुलगा तिकडे बांबू धरून उभे, इकडे मी खडू घेऊन सावलीची रेघ मारायला, आणि काका न्यायाधीशासारखे मागे हात बांधून. साडेनऊच्या सुमारास लुगड्यांची सावली आमच्या गच्चीवर पसरली आणि पॅनेलांची पुढची ओळ तिच्यात गेली. एका ओळीवर सावली आली, की तारेने जोडलेली बाकीची पॅनेलंही मागे ओढली जातात. ॲपवरचा आकडा धाडकन उतरला. काका म्हणाले, "मास्तर, त्याला सांगा—"

आणि थांबले. मीही त्यांच्या नजरेमागे पाहिलं. पॅनेलांच्या खाली, सांगाड्याच्या पायांमध्ये, चटई टाकून पुतणी झोपली होती. रात्रपाळी करून सकाळी आली असावी. खालच्या घरात टीव्ही, बाळाचं रडणं, कुकर. रात्रपाळी असली की ती इथेच येऊन झोपत असली पाहिजे, कारण उशाला पाण्याची बाटली होती आणि अंगावर काकींची गोधडी. म्हणजे काकींना माहीत होतं. आम्हा दोघांनाच नव्हतं. आम्ही सकाळी वर यायचो ते नुसत्या काचा बघायला. थंडीतलं ऊन तिरपं असल्याने पॅनेलांच्या खालून आत शिरतं. ते तिच्या तोंडावर येत होतं, आणि ती झोपेतच ओढणी डोळ्यांवर ओढून घेत होती, ती घसरली की कपाळाला आठ्या पडत होत्या. मग लुगड्यांची सावली हळूहळू सरकत तिच्या पायांवरून, हातांवरून चेहऱ्यावर आली. आठ्या गेल्या. तिने एक लांब श्वास सोडला, कूस बदलली आणि ती खरोखरीची झोपली.

पलीकडून भाऊ मोठ्याने म्हणाला, "काय ठरला दादूसचा?" काकांनी इतक्या रागाने ओठांवर बोट ठेवलं, की तो बांबूसकट गप्प झाला. काका कठड्याशी गेले आणि दीड वर्षांत पहिल्यांदा, मला मध्ये न घालता, भावाशी बोलले. अगदी हळू, कुजबुजल्यासारखं. "बांबू सोरू नको. झोपू दे तिला." भावाला आधी कळलंच नाही. मग काका म्हणाले, "माज्या पोरीला झोपाया जागा नाय, आन मी हितं ऊन राखीत बसलोय." भावाने मान खाली घातली. तो आणि त्याचा मुलगा सव्वादोन वाजेपर्यंत आळीपाळीने ते बांबू धरून उभे होते. काकींनी बोळावरून हात लांबवून त्यांना चहा दिला. मीही माझा खडू खिशात घालून तिथेच बसलो, कारण उठून जावं असं वाटेना. ती जागी झाल्यावर काकांनी तिला काही सांगितलं नाही. संध्याकाळी भावाच्या घरी स्वतःहून गेले आणि सही करून आले.

उन्हाळा संपायच्या आत खोली झाली. तिला उत्तरेकडे एक खिडकी आहे, आमच्या गच्चीसमोर, आणि तिला जाड निळा पडदा. मी आता ते घर सोडलंय, पनवेल स्टेशनजवळच्या एका इमारतीत राहतो. गेल्या थंडीत एका रविवारी काकांना भेटायला गेलो. ते गच्चीवर सावलीत खुर्ची टाकून बसले होते. उन्हाशिवाय बसलेले काका मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. पॅनेलांची पुढची ओळ खोलीच्या सावलीत बुडाली होती. समोरचा पडदा ओढलेला होता. मी विचारलं, "किती पिकतंय आता?"

"नऊ," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"तेरा यायचे ना याच दिवसांत?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "चार तिच्या झोपंला लागतात," ते म्हणाले, आणि मला खुर्ची दिली. आम्ही दोघं तशाच थंड सावलीत ती उठेपर्यंत बसून राहिलो.